राजपुत्राची भूक

पडदा वर जातो तो तैवानातल्या मादोउ गावच्या नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला. सकाळचे आठ. पोशाखांच्या पेट्यांमधल्या जागेत चटया टाकून मंडळी अजून घोरत पडली आहेत. रात्रीच्या सेनापतीचा हात रात्रीच्याच शत्रूच्या तोंडावर पडला आहे. खांबाला दाढ्या टांगल्या आहेत. मागच्या दाराशी विटांची चूल, चुलीवर भली मोठी कढई, आणि कढईत डुकराच्या चरबीचे पांढरे तुकडे हळूहळू सोनेरी होताहेत. त्या वासानंच मंडळी उठायची, वेगळ्या घंटेची गरज नसे.

कढईपुढं बसली आहे ती बोंग्यो. वय पन्नाशीपुढं, अंगकाठी चिपाडासारखी, खांद्यावर ओला पंचा. तैवानात हे नाव नकोशा मुलीला ठेवत. झालीच आहे तर वाढू दे, असा त्याचा भाव. सातव्या वर्षी बापानं तिला नाटक मंडळीत सोडलं. पंधराव्या वर्षी आवाज फुटला तो पुन्हा जुळलाच नाही, तेव्हा रंगमंचावरून ती सरळ चुलीपाशी आली. इथं मात्र तिचा हात कोणी धरू शकत नसे. गरम भात, त्यावर चमचाभर चरबी, सोयाची काळी धार, जमलं तर वर तळलेलं अंडं. बत्तीस तोंडं तिनं याच भातावर पस्तीसएक वर्षं पोसली. कोणाचा आवाज बसलाय, कोणाला घरून पत्र आलंय, कोण प्रेमात पडलंय, हे तिला परत आलेल्या वाडग्यावरून कळे.

त्या वर्षी पहिल्यांदा तिला एका वाडग्याचं काही कळेना. ते गेकलानचं होतं.

गेकलान म्हणजे मंडळीचा राजपुत्र. तिकडं नायकाचं काम बाईनंच करायचं, आणि त्या नायकावर गावोगावच्या बायकांनी जीव टाकायचा. बायका तिच्यासाठी डबे आणत: तिळाच्या तेलातली कोंबडी, गोड पाव, शेंगदाण्याच्या वड्या. एकीनं तर टोपलीभर खेकडे पाठवले होते. ते मात्र परत गेले, कारण नाटकवाल्यांच्या देवाला तान्हेपणी खेकड्यानं आपल्या तोंडचा फेस भरवून जगवलं, आणि म्हणून कोणी नटानं खेकडा खायचा नाही. खेकडा सोडून गेकलाननं सगळं खाल्लं, असं ढोलकीवाले म्हणत.

एके दिवशी तान मालक चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"बोंग्यो, माझा राजपुत्र गरोदर दिसायला लागलाय."

"पट्टा आटला असेल, मालक. दमट हवा आहे."

"कमरपट्टा चांदीचा आहे."

बोंग्योनं कढईतले तुकडे झाऱ्यानं उलटले.

"ही तुझी चरबी," मालक म्हणाले. "आजपासून तिच्या वाडग्यात थेंब पडता कामा नये. देवाच्या वाढदिवसाला तीन महिने आहेत. त्या दिवशी पट्टा लागला नाही तर राजपुत्र दुसरी करील, गेकलान राजमाता होईल, आणि चुलीपाशीही मी दुसरी बसवीन."

बोंग्योला हे मानावंच लागलं. ती जाणार तरी कुठं? मंडळीबाहेर तिला ओळखणारं कोणी नव्हतं. गेकलानसाठी वेगळं पातेलं चढलं. त्यात पातळ पेज, उकडलेला पाला, आणि वरचा तवंग काढून काढून पाण्यासारखं केलेलं सूप. गेकलान बिचारी निमूट जेवायची आणि वाडगं धुतल्यासारखं स्वच्छ परत यायचं. महिन्यानं पोशाखांच्या पेट्या सांभाळणाऱ्या म्हातारीनं पट्टा लावून पाहिला. दोन टोकांमधलं अंतर दोन बोटांनी वाढलं होतं.

"तू तिला चोरून देतेस," म्हातारी म्हणाली.

"मी? चरबीच्या डब्यावर मीच निजते."

"मग ती हवा खाऊन फुगते का?"

हे बोंग्योच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ संपला तशी ती हात पुसत गेकलानच्या मागोमाग निघाली. नाट्यगृहाला लागूनच बर्फवाल्याचं दुकान होतं. राजपुत्र तिथल्या बाकावर बसला होता, तोंडाचा रंगही पुसलेला नव्हता. पुढ्यात किसलेल्या बर्फाचा डोंगर, त्यावर काकवी, शेजारी दोन गोड पाव. एक अर्धा संपलेला.

बोंग्यो समोर बसली. गेकलाननं पाव लपवला नाही.

"हा कितवा?"

"तिसरा. ओरड, मावशी."

"ओरडत नाही. सकाळी तीन वाडगी पेज प्यालीस. दुपारी पातेलं खरवडलंस. तरी?"

गेकलानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काजळाचा ओघळ गालावर उतरला. "जेवले की पोट टम्म होतं गं. पण भूक जातच नाही. प्रवेशाची वाट बघत विंगेत उभी असल्यासारखी असते. पद म्हणतानासुद्धा ती तिथंच दिसते. बायका डबे पूर्वीही आणायच्या, पण मी थोडं खाऊन बाकीचं वाटून टाकायचे. आता झाकण उघडायचा धीर निघत नाही."

 बोंग्योला महायुद्धाची शेवटची वर्षं आठवली. विमानं यायची म्हणून खेळ बंद होते. मंडळी एका साखर कारखान्यामागच्या गोदामात पडून होती, आणि सकाळ-संध्याकाळ वाळवलेल्या रताळ्याच्या किसाची पेज. पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, पण चटईवरून उठेपर्यंत पुन्हा भूक. मग एकदा कोणीतरी चोरून डुक्कर कापलं, आणि वाटा म्हणून हातभर चरबी आली. ती बोंग्योनं कढवून सगळ्यांच्या पेजेत चमचा चमचा घातली. त्या दुपारी अख्खी मंडळी गाढ झोपली. संध्याकाळपर्यंत कोणी, आता काय आहे, असं विचारायलाही आलं नाही. ती शांतता किती गोड होती, हे तिला इतक्या वर्षांनी त्या बाकावर आठवलं.

"उद्यापासून तू फक्त माझ्या हातचं खायचंस," ती म्हणाली. "भात अर्धाच. त्यात चमचाभर चरबी, अंडं, वर पाला. सावकाश खा. आणखी मागितलंस तर देईन, पण आधी ढोलकी लावून होईपर्यंत थांबायचं."

"आणि मालक?"

"मालकांना वरचा पाला दिसेल."

"कळलं तर तुला काढतील."

"अशीही काढणारच आहेत. निदान तुला जेवू घालून जाईन."

पहिल्या सकाळी ढोलकी लावून झाली तरी गेकलान आणखी मागायला आलीच नाही. बोंग्योच काळजीनं बघायला गेली, तर ती आरशापुढं भुवया रेखत बसली होती. "अगं, विसरलेच," ती म्हणाली.

सगळं काही इतकं सरळ झालं नाही. जिभेला लागलेली सवय पोटाच्या आधी जागी होई, आणि पहिल्या पंधरवड्यात ती दोनदा बर्फवाल्याकडे पळाली. पण मग डबे ढोलकीवाल्यांकडे जाऊ लागले, आणि आता ढोलकीवालेच सुटताहेत अशी ओरड झाली. मालक जाता-येता गेकलानच्या वाडग्यात डोकावत, हिरवा पाला बघून मान डोलावत आणि पुढं जात.

देवाचा वाढदिवस आला. दुपारी, पांढऱ्या चिलखतावर, पेटीवाल्या म्हातारीनं पट्टा ओढला. बोंग्यो दाराआडून बघत होती. शेवटचा आकडा अडला.

"श्वास सोड," म्हातारी म्हणाली. "अजून. राजपुत्र आहेस, म्हैस नाहीस."

आकडा बसला. पहिल्यासारखी कंबर नव्हती ती, पण आकडा बसला. आणि गेकलान त्या दिवशी अशी गायली की पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल तोंडात धरून रडल्या. ती नाट्यगृहं पुढं सिनेमानं गिळली. पण त्या दुपारचं गाणं ज्यांनी ऐकलं, ते अजून गुणगुणतात.

खेळ संपायच्या आत मालक चुलीपाशी आले. गेकलानचं सकाळचं वाडगं त्यांच्या हातात होतं. तळाला पांढरा थर थिजला होता. त्यांनी बोटानं तो खरवडला आणि बोट तिच्यापुढं धरलं.

"हे कधीपासून?"

"दोन महिने."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"मग आता मी तुझं काय करू?"

बोंग्योनं भाताचं झाकण काढलं, एक वाडगं भरलं, वर चमचाभर चरबी घातली. ती विरघळेपर्यंत थांबली आणि वाडगं त्यांच्यापुढं सरकवलं.

"आधी जेवा, मालक. मग सावकाश काढा मला."