पुलाखालचं औक्षण

"तिचा स्वेटर काढायला सांगा, मावशी. नवा दिसून राह्यला. बेघर वाटत नाई ती."

कॅमेरावाला दादा हे मला बोलला नाही. माझ्यादेखत माझ्या आईला बोलला.

वर्ध्यात रेल्वेच्या पुलाखाली आम्ही मायलेकी राहायचो. मी तेरा-चौदा वर्षांची. थंडीत रविवारी सकाळी एक ग्रूप यायचा. पोहे, साबण, ब्लँकेटं वाटायचा. माणसं वाईट नव्हती, हे आजही म्हणते. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम त्यातल्या एकीने स्वतःच्या हाताने धुतली होती. पण त्यांची एक पद्धत होती. ग्रूपमधल्या कोणाचा वाढदिवस असला की तो आमच्यात साजरा करायचा आणि आमच्यातल्याच एखाद्या बाईने त्याला ओवाळायचं. फोटो छान येतो म्हणे.

त्या रविवारी वाढदिवस एका मुलीचा होता. वय माझ्याएवढंच, पण तिला ताई म्हणायचं असा आईचा दम. ओवाळायला आईला निवडलं. ताट त्यांचं, निरांजन त्यांचं, पेढेही त्यांचेच. आईने डोक्यावर पदर घेतला. ताईला कुंकू लावलं, ओवाळलं, पेढा भरवला. मग कानशिलावर बोटं मोडली. डोळे भरून आले तिचे.

"माही लेकच व्हय हे," आई म्हणाली.

मी जळले. पोटातून जळले. तिच्या बुटांवर नाही, केसांतल्या क्लिपांवर नाही. माझ्या आईची बोटं तिच्यासाठी मोडली, त्यावर. मला आईने कधी ओवाळलं नव्हतं. आणि ही घरी गेली की हिची स्वतःची आई हिला परत ओवाळणार.

मग फोटोसाठी आम्हाला ताईच्या मागे उभं केलं. तेव्हा दादाला माझा स्वेटर खुपला. देवळी गावाकडे कापूस वेचून, त्या मजुरीतून मी घेतलेला.

"काढ न वं," आई म्हणाली. "ताईचा फोटो खराब होते."

"नाई काढत. माह्या मजुरीचा हाये."

"काऊन अशी करतं?"

"मले ओवाळ. मंग काढतो."

आई सगळ्यांसमोर हसली. "आपल्यात कुठं असते वं वाढदिवस?"

ग्रूपवालेही हसले. प्रेमाने हसले, तेच जास्त लागलं. ताईने एक पेढा मोडून माझ्या तोंडाजवळ धरला. कॅमेरा वळला.

"आ कर ना," दादा म्हणाला.

मी तोंड घट्ट मिटलं. स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि खांबापलीकडे चालती झाले. आई मागून शिव्या देत होती. त्या दिवशी मला ब्लँकेट मिळालं नाही. थंडी वाजली, पण परत गेले नाही.

पुढे आई त्याच पुलाखाली वारली, मला न ओवाळताच.

आज माझ्याकडे भाड्याची खोली आहे. ग्रूपचा निरोप येतो, आमच्यासोबत वाटायला ये, तुझ्याकडे बघून लोकांना हुरूप येईल. मी जात नाही. हेवा वाईट म्हणतात. माझा हेवा मी सोडणार नाही. त्या पोरीचं ब्लँकेट मला नकोच होतं. तिचं घर हवं होतं, जिथे दार लावलं की आई फक्त आपली असते.

आता पुलाखालच्या बायकांना घेऊन मी नगरपरिषदेसमोर बसते. कोणी विचारलं, काय पाहिजे, तर सांगते, घर. कोणी पोह्यांची पाकिटं आणली तर परत पाठवते. उपाशी बसू, पण घर घेतल्याशिवाय उठणार नाही.