मामाचे दोन कर्णे

मामा गेल्यानंतरचा जलदानविधी उरकला, जेवणं आटोपली, पाहुणे जीपगाड्या भरभरून निघाले, तेव्हा मामीनं मला मागच्या पडवीत बोलावलं. कोपऱ्यात गोणपाटाखाली लाउडस्पीकरचे दोन जुने कर्णे पालथे घातलेले होते. शेजारी ॲम्प्लिफायर, ज्याला मामा नुसतं 'मशीन' म्हणायचा, आणि माइकचा जड लोखंडी स्टँड.

"हे तुझं," मामी म्हणाली. "त्यांनी सांगून ठिवलंय, भाच्याला द्या. वर्षाच्या दिवशी बुद्धवंदना ह्याच्यावरच लावायची. तवर नीट कर."

मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? पण त्या कर्ण्यांना हात लावायला माझं मन धजत नव्हतं. त्याचं कारण फक्त मला आणि मामाला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

हे कर्णे मामानं हौसेनं घेतलेले नव्हते. त्याचं गाव डिंगोऱ्याजवळ. आमच्या माणसांची वस्ती ओढ्याच्या अलीकडं. जयंतीला स्पीकर लागायचा तो गावातल्या एकाकडून भाड्यानं आणायचा. आणि जयंती जवळ आली की त्या गृहस्थाचं मशीन हटकून जळालेलं असायचं. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या लग्नात तेच मशीन ठणठणीत वाजायचं. तीन वर्षं हा खेळ चालला. चौथ्या वर्षी मामा, जो साधा गवंडी होता, पुण्याला गेला आणि जुन्या बाजारातून हे दोन कर्णे आणि मशीन घेऊन एसटीच्या टपावरून आला. स्वतः लिंबावर चढून त्यानं ते बांधले. आई सांगायची, त्या दिवशी वंदना सुरू झाली तेव्हा मामा झाडावरच बसून राहिला, खाली उतरेना.

त्यानंतर आमच्या नात्यात एक रीतच पडली. भाच्याभाचींचं लग्न असलं की मामाचा स्पीकर असायचाच. त्याला कुणी तसं सांगायचं नाही, विचारायचं नाही. मामानं भाचीला साडी आणावी तितकंच ते ठरलेलं होतं. हळदीच्या संध्याकाळी मामा उतरला की त्याच्यामागोमाग कर्णे उतरायचे.

माझं लग्न नव्वदच्या दशकात, निरगुडसरला आमच्या दारातच झालं. मी मंचरला मोटार वाइंडिंगचं दुकान काढून दोनच वर्षं झाली होती आणि माझ्या डोक्यात चांगलंच वारं शिरलं होतं. सासरची माणसं आळे गावची, शिकलेली, नोकरदार. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नात छातीएवढे काळे बॉक्स लावलेले मी पाहिले होते. आपल्या दारात लिंबाला भोंगे बांधलेले बघून हे लोक गालातल्या गालात हसतील, ही धास्ती मी घेतली. मंचरच्या मंडपवाल्याकडून बॉक्स ठरवून टाकले. आई म्हणाली, "मामाला सांगितलंस का?" मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. भीती होती की तो रागवेल. त्याहून मोठी भीती होती की तो रागावणार नाही.

हळदीच्या संध्याकाळी मामा जीपमधून उतरला तेव्हा बॉक्स दणदणत होते. तो त्यांच्यासमोर जरा वेळ उभा राहिला. एका बॉक्सच्या जाळीवर तळहात ठेवून त्यानं आवाजाची थरथर बघितली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "झ्याक आवाज हाये." आणि चहा घ्यायला गेला. थोड्या वेळानं एका पाहुण्यानं त्याला टोकलंच, "का राव, भाच्याचं लगीन आन् तुमचं मशीन न्हाई?"

मामा म्हणाला, "मशीन जळालं. ट्रान्सफॉर्मरच गेला. न्हाईतर दुसऱ्याला लावू दिलं असतं व्हय?"

मी दोन पावलांवर उभा होतो. माझा जीव भांड्यात पडला. चला, मशीनच जळालंय म्हणजे आपण काही गुन्हा केला नाही, असं मी स्वतःला पटवलं आणि लग्न मजेत पार पाडलं.

पुढच्या दहा-अकरा वर्षांत मामा दिवाळीला आला, मुलांच्या बारशांना आला, माझ्या दुकानात बसून शेंगा खाऊन गेला. त्या विषयावर अवाक्षर नाही. आता गंमत बघा, ट्रान्सफॉर्मर बांधणं हे माझं रोजचं काम. मामाचा ट्रान्सफॉर्मर जळालाय हे मला ठाऊक. तरी 'मामा, मशीन घेऊन ये, बांधून देतो' हे एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. ते काढलं असतं तर लग्नाचा विषय निघाला असता. मामाला मी दुखावलं का, हे मला जाणून घ्यायचं होतं आणि त्याच वेळी अजिबात जाणून घ्यायचं नव्हतं. मग तो गेला, आणि विचारायला माणूसच उरला नाही.

कर्णे दुकानात आणूनही मी चार महिने त्यांच्याकडं पाठ करून बसलो. शेवटी वर्षाचा दिवस जवळ यायला लागला तेव्हा मशीन उघडलं. जळालेली वाइंडिंग काळी पडते आणि तिचा खरपूस वास वर्षानुवर्षं जात नाही. डोळे झाकूनही मी ती ओळखीन. मामाचा ट्रान्सफॉर्मर मधाच्या रंगाचा होता. कुठं डाग नाही, वास नाही. मीटर लावून पाहिला. ठणठणीत. दोन कपॅसिटर तेवढे फुगले होते, तेही पडून राहिल्यामुळं.

म्हणजे मशीन जळालं नव्हतंच. ज्या सबबीनं गावातल्या माणसानं मामाला तीन वर्षं छळलं, तीच सबब मामानं माझ्या दारात, चारचौघांत, माझी चूक झाकण्यासाठी तोंडातून काढली. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

मग मात्र मी इरेला पेटलो. आता हे असं करायचं की वस्तीनं बघत राहावं. कर्ण्यांच्या मागच्या युनिटमधले पातळ डायफ्राम, म्हणजे आवाज काढणारे पडदे, फाटले होते, ते पुण्याहून आणले. कपॅसिटर बदलले, वायरिंग नवं केलं. राहिला रंग. कर्ण्यांवर चंदेरी रंगाचा जाड, ओबडधोबड हात मारलेला होता. मामा गवंडी असला तरी त्याच्या हाताला सफाई होती. वस्तीच्या वेशीवरच्या पाटीवरची अक्षरं त्याचीच. हा रंग त्यानं असा घाईघाईत का फासलाय, याचं मला नवल वाटलं, पण तेवढंच. दुकानात मोटारीच्या बॉड्या साफ करतो तसा ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि पहिला कर्णा अर्ध्या तासात पार धातूपर्यंत लख्ख केला. चंदेरी भुशाबरोबर थोडा लाल भुसा उडाला. मला वाटलं, खाली गंज धरू नये म्हणून मारतात ते रेड ऑक्साइड असेल.

दुसरा कर्णा हातात घेतला आणि वीज गेली. त्या वर्षांत भारनियमनाचा काच सगळ्यांनाच होता. गेली की चार तास यायची नाही. मला थांबायला सुचेना. दारातल्या उजेडात बसलो, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हातानंच घासायला लागलो. चंदेरी थर हळूहळू विरघळल्यासारखा निघाला आणि खाली लाल रंगाची एक वेलांटी दिसली. मी बोटानं पुसली. मग जपून, अगदी जपून घासत गेलो. 'आयु.' अशी सुरुवात होती. पुढं माझ्या बायकोचं नाव होतं. माहेरचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, लग्नपत्रिकेत होतं तसं. दोन्ही बाजूंना एकेक कमळ.

मी घरी निरोप धाडला. बायको आली, खाली बसली, पदरानं पाणी टिपून तिनं ते वाचलं. लग्नानंतर तिचं ते नाव कुणी कुठं लिहिलं नव्हतं. तिचे डोळे भरले. मग तिनं विचारलं, "आणि तुमचं?"

आम्ही दोघांनीही भिंतीला टेकवलेल्या पहिल्या कर्ण्याकडं पाहिलं. तो आरशासारखा चकचकत होता.

मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा आला, आणि खोटं कशाला सांगू, मामाचाही आला. इतक्या मायेनं लिहिलंस आणि पुन्हा रागानं रंग फासून मला पुसून टाकलंस, असं मनात आलं. पुसायचं होतं तर मग हे कर्णे मलाच का ठेवलेस? तिसऱ्या दिवशी नाव असलेला कर्णा मोटारसायकलला बांधला आणि मामीकडं गेलो.

मामी अंगणात तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नाही, पण कर्णा बघताच तिनं सूप बाजूला सारलं. "घावलं व्हय तुला," ती म्हणाली. "तुझ्या लग्नाआधी चार दिस लिवत बसला व्हता तुझा मामा. एवढी लग्नं केली, पर कर्ण्यावर नाव कुनाचंच घातलं न्हाई. तुझंच. एकावर तुझं, एकावर सूनबाईचं. जीपमधून आनलं व्हतं तुझ्या दारापतुर. तिथं दुसरं वाजतंय म्हटल्यावर खाली उतरवलंच न्हाई. गोणपाट टाकलं वरनं."

मी विचारलं, "आणि मग रंग फासला? माझा राग आला म्हणून?"

मामीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी भलतंच बोललो होतो. "राग? मी म्हटलं व्हतं, ऱ्हाऊ द्या, चांगलं लिवलंय. तर म्हणले, आता दुसऱ्याच्या लग्नात कर्णं बांधलं आन् त्याच्यावर भाच्याचं नाव दिसलं, तर लोक इचारतील, मग त्याच्या लग्नात का वाजवलं न्हाई? पोराला खाली बघायला लागंल. म्हणून फासला. रंग फासला, पर मन झालं न्हाई, पुन्हा बांधलंच न्हाईत कुठं."

मी ओट्यावर बसलो. मामी कर्ण्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मामा गेल्यापासून पहिल्यांदा हसू होतं.

"दुसऱ्याचाबी रंग काढ आता," ती म्हणाली. "तुझं नाव लई झ्याक आलं व्हतं. मला म्हणले, बघ, सगळ्यात सरळ ओळ हीच. वर्षाच्या दिवशी दोनी शेजारी शेजारी बांध. ते न्हाईत आता, मग काय लपवायचंय? बघू दे लोकांना."

खोटं बोलायचा मोह झाला, नाही असं नाही. मंचरला पाट्या रंगवणारे आहेत. कुणाकडूनही लिहून घेता आलं असतं. पण तिचं बोट त्या अक्षरांवर होतं. वाचता येत नसलं तरी मामाच्या हाताचं वळण तिला पाठ होतं.

"मामी, ते गेलं," मी म्हणालो. "मी तारेचा ब्रश मारला. खाली काही असेल असं मला वाटलं नाही."

तिचं बोट थांबलं. कोंबड्या तांदळाला टोचा मारायला लागल्या, तरी तिनं त्यांना हाकललं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "आतातरी इचारायचं व्हतं, बाळा. मी व्हते की."