तिसरी टिचकी

गुणवंतराव खोब्रागडे यांचं उभं आयुष्य दिल्लीत गेलं, पण त्यांची दिल्ली म्हणजे धूर ओकणारी एक चिमणी होती. शहराच्या टोकाला कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं. चंद्रपूरहून येऊन ते तिथे बॉयलरवर इंजिनिअर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायकोच्या आग्रहाखातर एकदा कुतुबमिनार पाहायला गेले, तर वर बघून म्हणाले, "उंची ठीक आहे, पण धूर कुठाय?"

बॉयलरजवळ कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या फोनवर बोलण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. रिसीव्हरवर बोटाने दोन टिचक्या मारल्या की सगळं ठीक. तीन मारल्या की मोठी गडबड, हातातलं काम टाकून धावत या. ही भाषा गुणवंतरावांनी घरीही आणली. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई वैतागायच्या, पण मुलगी मृणाल बोलायच्या आधी टिचक्या मारायला शिकली. तीन टिचक्या मात्र गुणवंतरावांनी उभ्या नोकरीत मारल्या नाहीत. "तीन मारणारा माणूस मी नव्हे," असं ते मिशीवरून हात फिरवत सांगत.

दुसरा अभिमान याहून मोठा. केंद्रातलं एखादं युनिट बंद पडलं आणि वीज कापायची वेळ आली, की पहिला अंधार स्वतःच्या कॉलनीत करायचा, हा त्यांनी आपल्या शिफ्टला घालून दिलेला रिवाज होता. आधी आपलं घर, मग लोकांचं. भर जूनमध्ये चंद्रप्रभाबाई तान्ह्या मृणालला वर्तमानपत्राने वारा घालत बसत आणि हे दारात दिसले की विचारत, "तुमच्या तत्त्वापायी माझ्या लेकराने का तडफडायचं?"

"दुसऱ्यांच्या घरी लेकरं नसतात का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लग्नकार्यात, निरोप समारंभात, गणपतीच्या मंडपात त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं होतं, की पुढे ऐकणारेच ते आधी म्हणून मोकळे होत. चंद्रप्रभाबाई तेव्हा हसत नसत.

मग केंद्र बंद झालं. दिल्लीची हवा विषारी झाली, कोळसा आता नको, गॅस स्वच्छ, असं ठरलं. गुणवंतराव पेटले. "गॅसवर चहा होतो, दिल्ली चालत नाही!" असं ते भेटेल त्याला ऐकवत. रागाच्या भरात एक गोष्ट मात्र ते सोयीस्करपणे गाळत. चिमणी बंद झाली ती त्यांच्यासारख्यांच्याच छातीसाठी. इतक्या वर्षांची राख आणि दिल्लीचे हिवाळे यांनी मिळून त्यांच्या फुप्फुसांची वाट लावली होती. डॉक्टरने विचारलं, "सिगरेट पीते थे?" तर हे म्हणाले, "मैं नहीं, मेरी चिमनी पीती थी." डॉक्टर हसला नाही. त्याने ऑक्सिजनचं मशीन लिहून दिलं.

चंद्रप्रभाबाई गेल्यावर ते लक्ष्मीबाई नगरात मृणालकडे राहायला आले. जावई प्रसन्न केंद्र सरकारच्या नोकरीत होता. पाडायच्या राहिलेल्या जुन्या क्वार्टरांपैकी एक त्याच्या वाट्याला आलं होतं. खिडकीशी गुणवंतरावांचा पलंग, शेजारी विजेवर घुरघुरणारं मशीन, त्याची नळी नाकाला. दिवसाचा बहुतेक वेळ ते असेच असत. वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात ऑक्सिजनचं एक सिलिंडर ठेवलेलं होतं. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी मेली होती. घर आज ना उद्या सोडायचंच, म्हणून नवी आणायचं राहून गेलं.

मृणाल नोकरीला कुठे असावी? शहराच्या वीज नियंत्रण कक्षात! वीज कमी पडली की कोणत्या भागाची कधी कापायची, हे तिच्या टेबलावर ठरे. आणि बापाच्या वळणावर गेलेल्या त्या मुलीच्या पाळीत पहिलं नाव लक्ष्मीबाई नगरचं असे. गुणवंतरावांची छाती, होती तेवढी, फुगली. ते कौतुक त्यांनी समोरच्या शालिनीला ऐकवलं. ती म्हणाली, "काका, तुमची तारीफ नंतर, आधी माझ्या फ्रिजमधलं दूध बघा!"

यंदाच्या उन्हाळ्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. झाडांवरचे कावळे दुपारी खाली पडत होते. सगळ्या दिल्लीचे एसी रात्रंदिवस चालू. गॅसवरचं केंद्र तयार उभं होतं, पण गॅस नव्हता. तो परदेशातून जहाजांतून यायचा, आणि आखातातल्या भांडणाने त्याचा भाव आभाळाला भिडला होता. आपल्याकडे निघालेलं एक जहाज भर समुद्रातून वळून जास्त पैसे देणाऱ्या देशाकडे गेलं, ही बातमी गुणवंतरावांनी मोठ्याने वाचून दाखवली. "बघ! मी सांगत नव्हतो? कोळसा कधी वाटेतून वळून गेला का?"

"बाबा, त्या गॅसवर तुमचं मशीनपण चालणार आहे," मृणाल म्हणाली.

त्यांनी पेपरची घडी घातली. मशीन घुरघुरत होतं आणि आपण कशावर खूश झालो होतो, ते त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं. भीती वाटली. पण भीती वाटली असं सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मृणालने त्याच वेळी विषय काढला. "घरात पेशंट असेल तर तो भाग वगळता येतो. मी आपला वगळते. नियमातच आहे, यार बाबा."

"अजिबात नाही. खोब्रागडे जन्मभर तोंडाने एक सांगत आला आणि स्वतःवर आली तेव्हा लपला, असं म्हणायचं का लोकांनी? सिलिंडर आहे ना?"

"आहे. पण—"

"मग विषय संपला."

विषय कसला संपतोय! त्याच आठवड्यात वीज येत-जात राहिली आणि सिलिंडर थोडं थोडं करत संपत आलं. प्रसन्न सरकारी कामासाठी बाहेरगावी होता. मृणाल घरी फक्त आंघोळीला यायची. सांगितलं असतं तर तिने दुसरं मागवलं असतं, पण सोबत लक्ष्मीबाई नगरही वीज कापायच्या यादीतून काढलं असतं. म्हणून गुणवंतराव गप्प राहिले. प्रसन्न आला की भरून आणेल, तोवर निभेल, असा त्यांचा हिशोब.

त्या दुपारी खिडकीचे गजसुद्धा हात लावू देत नव्हते. फोन वाजला.

"बाबा, आज आपल्या भागाची वीज कापावी लागतेय. तासाभराचा प्रश्न आहे. सिलिंडर भरलेलं आहे ना?"

"हो."

"काटा बघून सांगा."

ते उठले, भिंत धरत कोपऱ्यापर्यंत गेले. काटा लालात होता. "हिरव्यात आहे," ते म्हणाले. "तू तुझं काम कर."

"नक्की?"

बोलायला दम नव्हता. त्यांनी फोनवर दोन टिचक्या मारल्या. पलीकडे मृणाल लहानपणीसारखी हसली आणि फोन ठेवला.

मशीनची घुरघुर थांबली. पंख्याची पाती दिसू लागली, मग एकेक वेगळी झाली, मग थांबली. नळी सिलिंडरला लावून ते पलंगावर टेकले. सगळी कॉलनी चिडीचूप झाली. शालिनीने बाल्कनीतून हाक मारली, "काका, बरं आहे ना?" त्यांनी हात वर केला. ती आत गेली.

सिलिंडर आधी फुसफुसलं, मग गप्प झालं. छातीवर कोणीतरी ओली वाळू टाकत होतं. त्यांना चंद्रप्रभाबाई आठवल्या, वर्तमानपत्राने वारा घालणाऱ्या, घामाने चिंब. तेव्हा आपण त्यांना उत्तर दिलं होतं, वारा घातला नव्हता. याची लाज त्यांना आज वाटली, आणि श्वासापेक्षा तीच जास्त टोचली.

फोन पुन्हा वाजला. हात पोहोचायला फार वेळ लागला.

"बाबा, गॅस प्लांट आज सुरू होतच नाहीये. आपली वीज संध्याकाळपर्यंत बंद ठेवावी लागेल. सिलिंडर पुरेल ना? बाबा?"

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"बाबा, बोला ना!"

गुणवंतरावांनी बोटाने फोनवर टिचकी मारली. मग दुसरी. पलीकडे मृणालचा सुटलेला श्वास त्यांना ऐकू आला. आता ती फोन ठेवणार. जन्मभर जपलेला ताठा म्हणाला, ठेवू दे. बोट मात्र तिथेच राहिलं, आणि मग त्यांनी तिसरी मारली.

मग मृणाल किंचाळली, फोनमध्ये नाही, कक्षात कोणावर तरी. "लक्ष्मीबाई नगर की लाइन चालू करो! अभी के अभी! और घर पे ॲम्ब्युलन्स भेजो!"

"मॅडम, एक्स्ट्रा बिजली नहीं है," एक पुरुषी आवाज लांबून आला. "बदले में किसको काटें?"

गुणवंतराव फोन कानाला लावून ऐकत होते. आधी कोणाच्या घरी अंधार, याचं जे उत्तर त्यांनी मांडवामांडवांत ऐकवलं होतं, त्याच्या उलट उत्तर आता तिला द्यायचं होतं, आणि त्यांच्याचसाठी द्यायचं होतं. तिने देऊ नये असं त्यांना वाटलं. तिने लवकर द्यावं असंही वाटलं.

"पहले लाइन जोडो, फिर लिखो," मृणाल म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "काट दो..."

तेवढ्यात पंखा करकरला, मशीन घुरघुरायला लागलं, आणि पुढचं नाव त्यांना ऐकू आलं नाही.