लालबागला येणारे नदीचे पार्सल

आमची नदी कोकणात वाहते. तिच्याबद्दलचे निर्णय मात्र परळच्या भोईवाड्यात होतात. गिरण्यांच्या काळात मुंबईत आलेल्या गावकऱ्यांनी तिथल्या एका चाळीत मंडळाची खोली घेतली. देवळाच्या रंगापासून शाळेच्या कौलांपर्यंत गावात जे काही व्हायचे असेल, त्याला या खोलीची संमती लागते.

नदीतला एक मासा नामशेष होण्याच्या बेतात होता आणि त्याला सावरण्याचा आराखडा मी लिहीत होते. प्रमुख लेखिका म्हणून माझा पहिलाच. गावकऱ्यांच्या सह्यांचा ठराव जोडल्याशिवाय तज्ज्ञांची समिती तो उघडूनही पाहणार नव्हती. म्हणून एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्या खोलीत दाखल झाले. सोबत लालबागची आत्या होती, जिच्या घरी मी लहानाची मोठी झाले.

मागणी एकच होती. पावसाच्या सुरुवातीला हा मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि नेमक्या त्याच दिवसांत गावात चढणीचे मासे धरण्याची धूम असते. पाच वर्षे त्याला तेवढे दिवस हात लावू नये.

मी वयोगटांच्या आलेखापासून सुरुवात केली. गिरणीतून निवृत्त झालेल्या अध्यक्षांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि यात मासा कुठे आहे, असे विचारले. मी छायाचित्र लावले. ते अंडी भरलेल्या मादीचे निवडणे ही माझी चूक. पुढचा बराच वेळ तिचे तिखट कालवण, म्हणजे तिकले, करावे की ती नुसती तळावी, यावर गेला.

अखेर धोक्यांची यादी आली. वाळूउपसा, पाण्यात विष कालवणे, चढणीतली मासेमारी. शेवटच्या मुद्द्यापुढे मी प्रामाणिकपणे लिहिले होते: ‘धरलेले मासे कुठे जातात, याची माहिती अपुरी.’ गावात हे विचारले तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहून हसले होते. खोलीतही तेच झाले.

सतरंजीवरून आत्या म्हणाली, “अपुरी कित्या गो? माका इचारलंस असता तर सांगलंय असता.”

दर जूनमध्ये रात्रीच्या बसने बर्फात घातलेले या माशांचे पार्सल लालबागला येते, असे तिने सभेला सांगितले. पहिला वाटा आमच्या घरी. आणि माशाच्या पोटातली अंडी, म्हणजे गाबोळी, पोरगी शिकते, डोक्याला बरी, म्हणून कायम माझ्या ताटात. ज्या प्रजातीची पुढची पिढी मी तीन पावसाळे नदीत शोधत होते, तिचा बराच भाग शास्त्रज्ञ होण्यासाठी मीच संपवला होता.

अध्यक्षांनी ठरावाचा कोरा कागद घडी करून खिशात घातला. “तू खावन मोठी झालंस, आणि आमच्या नातवांका बंदी?”

संभाव्य आक्षेपांची उत्तरे मी पाठ करून आले होते. त्यांत हा आक्षेप नव्हता. मी पेन काढले, आराखड्याच्या छापील प्रतीवर धोक्यांच्या यादीत ‘लालबाग-परळमधील मागणी, प्रस्तुत लेखिकेसह’ असे लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या घरी यापुढे पार्सल येणार नाही, असेही जाहीर केले.

“माझ्या चुलीचो निर्णय घेवक तू कोण?” आत्याने विचारले. मग थोडे थांबून म्हणाली, “बंदी घालूची तर मी घालतंय.”

जूनभर ती स्वतः बसच्या थांब्यावर उभी राहणार आणि प्रत्येक पार्सल उघडून पाहणार, असे तिने सांगितले. ती हे खरोखर करील, याविषयी खोलीत कोणालाच शंका नव्हती. अध्यक्षांना तर नव्हतीच. ते तिचे शेजारी. कागदाला गावात कोणी विचारत नाही, असे म्हणत ते उठले आणि त्यांनी देवाला रीतसर गाऱ्हाणे घातले: चढणीच्या दिवसांत जो कोणी या माशाला हात लावील, त्याला तू बघून घे. सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. मीही म्हटले, बहुधा सर्वांत मोठ्याने. सह्या त्यानंतर झाल्या.

समितीने आराखडा स्वीकारला. आत्याची तपासणी आणि गाऱ्हाणे मी ज्यात नोंदवले, त्या देखरेखीच्या प्रकरणावर मात्र एक शेरा आहे: ही पद्धत इतर नद्यांसाठीही राबवता येईल का, ते कळवावे. उत्तराचा मसुदा मी तीनदा फाडला आहे. आत्याला विचारले, तर ती म्हणते, आधी त्या नद्यांची पार्सले कुठे उतरतात ते बघ.