सगळ्यांचं नाव ‘बाळ’

मी नागपूरच्या एका लहानशा कंपनीत हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहायची, तेव्हाची ही गोष्ट. मोबाईलवर सगळं यायला अजून अवकाश होता. लसीकरणाच्या नोंदी ठेवणारं एक यंत्र आम्ही बनवलं होतं आणि त्याच्या आतला डेटाबेस माझा होता. मी मूळची गोंदियाजवळच्या कामठ्याची. चाचणी गोंदिया जिल्ह्यात ठरली, तेव्हा सरांनी मलाच पाठवलं.

चोरखमारा तलावाकडच्या एका गावात अंगणवाडीच्या ओसरीवर नर्सबाई बसल्या होत्या. समोर लेकरं कडेवर घेतलेल्या बायांची रांग. मी मोठ्या दिमाखात यंत्र त्यांच्या हातात दिलं. गावाच्या जुन्या नोंदी ऑफिसातल्या मुलांनी त्यात आधीच भरून ठेवल्या होत्या.

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते, तिच्यावरून थेट हवं ते पान काढता येतं. डेटाबेसमधला इंडेक्स तसाच. मी असे पाच ठेवले होते: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पुढच्या डोसची तारीख. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळं झरझर चालायचं.

इथे पहिलीच नवी नोंद सेव्ह केली आणि यंत्र अडून बसलं. तेवढ्यात नर्सबाईंनी जुन्या रजिस्टरात ओळ लिहिली, दुसऱ्या बाळाला टोचलंसुद्धा.

“काऊन वो, तुमची मशीन झोपून राहिली का?”

बाया हसल्या. मला कारण कळलं होतं. एका नोंदीपायी यंत्राला पाच सूच्या नव्याने लावाव्या लागत होत्या, आणि त्यातलं मेमरी कार्ड होतं संथ. तरी मी म्हटलं, “शोधून तर बघा. नाव टाका.”

“पंधरा दिवसाच्या लेकराले नाव कुठचं? आमी सगळ्यायचं ‘बाळ’च लिवतो.”

त्यांनी ‘बाळ’ टाकलं. पडद्यावर बाळच बाळ. खाली सरकवता सरकवता बोट दुखलं.

“मग तुम्ही शोधता कशा?” मी विचारलं.

“नावानं कायले शोधाचं? एकेका टोलीवर, वस्तीवर जातो. या टोलीत कोनाचा डोस राहिला, तेवढंच पायतो.”

परतीच्या बसमध्ये मी वहीत पाचही इंडेक्स खोडले आणि एकच लिहिला: आधी टोली, मग डोसची तारीख. तो बरोबर आहे याबद्दल मनात तसूभरही शंका नव्हती.

सर मात्र वैतागले. “नावाचा इंडेक्स काढलास? आईचं नाव शोधायचं झालं तर?”

“टोली निवडली की साठ-सत्तरच नोंदी उरतात, सर. तेवढ्या यंत्राने एकेक चाळल्या तरी उशीर जाणवणार नाही.”

“करून दाखव.”

दाखवलं. त्यांनी घड्याळ लावून तीनदा बघितलं, मग चहा मागवला. एक माझ्यासाठीही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्याच गावी गेले. अंगणवाडीपुढे बायांची रांग होतीच. नर्सबाईंनी ओसरीवर बसूनच टोली निवडली. तारखेप्रमाणे यादी उघडली, सगळ्यात जुना राहिलेला डोस सगळ्यात वर. त्या वरच्या ओळीकडे बघतच राहिल्या.

“हे पोरगी तं आईबापासंग वीटभट्टीवर गेली होती. मी समजलो, आलीच नाही अजून.”

रांगेतली एक बाई म्हणाली, “आले न, परवाच आले.”

नर्सबाई तडक उठल्या. लशीची पेटी खांद्याला अडकवली. मी यंत्र घेऊन मागे. तिसऱ्या घराच्या अंगणात ती वर्षभराची पोर कोंबडीमागे रांगत होती. टोचल्यावर तिने सारी टोली डोक्यावर घेतली. नर्सबाईंनी एका हाताने तिचा दंड धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. नोंद लगेच बसली.

“हं,” त्या म्हणाल्या, “आता नाही झोपली मशीन.”

मग यादीतली दुसरी ओळ वाचून त्या पुढच्या घराकडे निघाल्या.