तोंडात कोंबलेलं लिंबू

सरांनी माझी हनुवटी धरली आणि ताटातली लिंबाची फोड माझ्या तोंडात कोंबली. अख्ख्या टेबलासमोर. बी दातात अडकली, रस नाकात गेला.

"खा. तू आहेसच अ‍ॅसर्बिक."

टेबल हसलं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

आम्ही बौद्ध, परळच्या चाळीतले. आजोबा ज्या गिरणीत खपले तिच्या जागेवर आता काचेची इमारत आहे. तिथेच माझं ऑफिस, जाहिरातींचं; सर तिथले माझे बॉस. त्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं होतं, साबणाच्या जाहिरातीत भांडी घासणारी बाई दर वेळी काळीच का? त्याचं हे उत्तर.

शब्द मला माहीत नव्हता. बाथरूममध्ये चुळा भरत मोबाइलवर पाहिला. कच्च्या फळासारखा आंबट, तुरट, घसा ओरबाडणारा. माणसाबद्दल असेल तर झोंबणारं बोलणारा. बरं, असेन.

पण आठवड्याने सरांनी त्यांच्या एका लेखक मित्राला ऑफिसात आणलं. "काय अ‍ॅसर्बिक लिहितो हा," म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आई आठवली. दादरच्या एका घरी ती देवाची पितळी भांडी चिंचेने घासायची. चिंच हाताच्या भेगांत शिरायची, घरी येऊन ती बोटांवर फुंकर घालत बसायची. घासलेली भांडी उंबऱ्याबाहेर ठेवायची. मालकीणबाई त्यांवर पाणी शिंपडून मगच आत न्यायच्या, आईचा हात लागलेला असायचा म्हणून.

मी उभी राहिले. "सर, यांना टाळ्या आणि मला लिंबू, असं का?"

"झाली हिची सुरुवात," म्हणत त्यांनी हसत पुन्हा हनुवटी धरली. मी चावले. करकचून. अंगठ्यातून रक्त आलं तेव्हा सोडला.

आता एचआरच्या मॅडम म्हणतात, "सॉरी म्हण गं, सर विसरून जातील. नोकरी वाचेल तुझी."

घरी आईला सांगितलं. तिने विचारलं, "लई लागलं का त्याला?"

"हो."

"बरं झालं."

सॉरी म्हणणार नाही. उद्या त्याच टेबलाशी बसणार आणि साबणवाली बाई काळीच का, हे पुन्हा विचारणार. नोकरी गेली तर जाऊ दे. माझ्या तोंडाकडे परत हात आला, तर या वेळी सोडणार नाही.