सात फुटांची रेल्वे, सहा फुटांचं दार

त्या रविवारी सकाळी देवपूजा उरकली आणि टेप घेऊन खोलीचं दार चौथ्यांदा मोजलं. सहा फूट उंच. आतली रेल्वे कडेवर उभी केली तरी सात फूट. तीस वर्षं त्या खोलीत बसून मी मीटरगेजच्या काळातलं आमचं उमरी स्टेशन, रूळ-गाडीसकट, लहान करून प्लायवूडवर बांधत गेलो. रुळांखालचे स्लीपर तुराट्या कापून केले. ते स्टेशन कधी बाहेर न्यावं लागेल, हे सुचलंच नाही. आता मान वाकत नाही, बारीक तारा दिसत नाहीत. इंजिनावर धूळ आहे.

शाळासोबती शेषराव शिरूर अनंतपाळला मुख्याध्यापक आहे. "खोली रिकामी हाय, पोरं सांभाळतील," असं तो वर्षभर म्हणत होता. न्यायची तर रेल्वे मधोमध कापावी लागणार, कारण खालच्या दोन चौकटींचा जोड तिथंच. आणि नेमका त्या जोडावर मारुती. बोराएवढा दगड, पण गावच्या मारुतीचा शेंदूर मीच त्याला लावलेला, गाडी सोडण्याआधी रोज उदबत्ती. शोभेसाठी बसवला आणि देव होऊन बसला. त्याला हलवायचं कसं? निदान जागा तरी पाहू, म्हणून निघालो.

उमरीहून रेल्वेने नांदेड, तिथून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची एसटी. उकाड्याने अंग आंबून गेलं. जाणाऱ्यांनी कंडक्टरला नुसतं 'शिरूर' सांगू नये; वाटेत शिरूर ताजबंद लागतं, तिथंच उतरवतील. मी लातूरला गाडी बदलली. येण्याजाण्याचं भाडं हजाराच्या आत बसलं.

शाळेची खोली कोरडी, दार रुंद. मी खोट शोधत होतो, सापडली नाही.

शेषरावच्या आईने भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. "जेव की नीट. कशाचं वझं घिऊन बसलास?"

मी मारुतीचं सांगितलं. म्हातारी हसली. "येडा हाईस का? रस्ता रुंद करताना गावानं एवढा मोठा मारुती उचलला. नारळ फोडला, म्हनलं, देवा, चला. तुझा तर खिशात मावंल."

"माय, ह्यो मारुतीचं निमित्त करून राहिला," शेषराव म्हणाला. "ह्याला रेल्वेच द्यायची न्हाई."

मी भाकरीचा तुकडा मोडला. खरंच होतं ते.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी परतताना लातूरच्या गंजगोलाईत, गोल बाजारपेठेत उतरलो. मधल्या देवीचं दर्शन घेतलं आणि हार्डवेअरच्या दुकानात बारीक दात्यांची करवत मागितली.

"काय कापायचंय काका?"

"रेल्वे."

"हाव का! इंजिनासकट?"

"इंजिन न्हाई. स्टेशन."

तो हसला, मलाही थोडं हसू आलं. दुकानातूनच शेषरावला फोन केला, "उद्या टेम्पो पाठव."

घरी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून नारळ फोडला. "देवा, चला," म्हणालो. चाकूने हळूच सोडवलेला मारुती देवघरात इतर देवांशेजारी ठेवला. त्याच्या जागी प्लायवूडवर रुपयाएवढा स्वच्छ गोल राहिला होता. करवत तिथंच टेकवली.

पहिल्याच ओढीला तुराट्यांचे दोन स्लीपर उडाले. थांबलो नाही. प्लायवूडचं दुसरं टोक बायकोने धरलं होतं.

"आता खोली झाडता येईल," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावलेले होते.

दुपारी शेषरावने पाठवलेला टेम्पो आला. उमरी स्टेशनचे दोन्ही भाग दारातून बाहेर गेले.